पायमोजे सर आणि नवी जात

पायमोजे सरांसमोर ‘नवीन’ हा शब्द उच्चारायची हिंमत दौंडात फार थोड्यांना होती. नवीन हॉटेल निघालंय, असं कुणी म्हटलं की सर विचारत, “नवीन म्हणजे काय? भज्यांना पाय फुटलेत का?” नवीन प्राचार्य आले, नवीन अभ्यासक्रम आला, स्टँडवर नवीन मुतारी झाली, सगळ्यांवर त्यांचा शेरा ठरलेला. “नवीन काही नसतं. तुम्ही आधी पाहिलेलं नसतं, एवढंच.” हे वाक्य ते इतक्या तुच्छतेनं म्हणत, की ऐकणाऱ्याला आपण आजवर काहीच पाहिलेलं नाही याची लाज वाटावी.

त्यांचं खरं आडनाव कॉलेजच्या पगारपत्रकाबाहेर कुठंच वापरात नव्हतं. पायमोजे हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि त्यात दुहेरी माल भरलेला होता. दौंडच्या उन्हाळ्यात, स्टेशनवरची कुत्रीसुद्धा मालगाडीच्या सावलीतून बाहेर पडायला तयार नसत तेव्हा, सर लोकरीचे जाडजूड पायमोजे घालून वर्गावर येत. हे मोजे त्यांना अंटार्क्टिकाच्या बोटीवर मिळाले होते. “सरकारनं मला दिलेली एकमेव उपयोगी वस्तू,” असं ते सांगत. आणि दुसरं म्हणजे, सरांचा उद्योगच पाय मोजण्याचा होता. ते आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आणि उरलेला सगळा वेळ भिंगाखाली बारीक प्राण्यांचे पाय मोजत. “सर काय करतात रे आत?” “पाय मोजतात.” झालं बारसं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर एकदा, एकदाच, अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आले. परतल्यावर शिरूरला, त्यांच्या गावी, गल्लीनं सत्कार ठेवला. नारळ झाला, शाल झाली, आणि पेंग्विनबद्दल दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. सर उभे राहिले. “पेंग्विन हा समुद्राकाठचा पुढारी आहे,” ते म्हणाले. “पुढून पांढरा, मागून काळा, चालता धड येत नाही, आणि जिथं गर्दी तिथं उभा.” आणि खाली बसले. व्यासपीठावर तीन पुढारी होते. पुढच्या वर्षी गल्लीनं सत्काराला दुसरा माणूस शोधला.

सरांचा जीव होता तो बर्फाखालच्या समुद्राच्या तळावर. तिथं पाणी गोठायच्या बेतात असतं, उजेड पोचत नाही, आणि चिखलातून समुद्रकोळी चालत असतात. कोळी म्हणजे मासे धरणारा नव्हे. आपल्या घरात कोपऱ्यात जाळं विणतो त्याच्यासारखा दिसणारा, त्याचा फार लांबचा नातेवाईक. इतर समुद्रांत हा बहुधा नखाएवढाच. थंड समुद्रात काही काही चांगले पंज्याएवढे होतात. याला धड म्हणण्यासारखं धडच नसतं. सगळे पाय. पोट धडात मावत नाही म्हणून तेही पायांत उतरलेलं. “पोट पायांत घेऊन हिंडतो बिचारा, आणि तसं दाखवतो,” सर म्हणत. “बाकीचे पोटासाठी हिंडतात आणि त्याला समाजकार्य म्हणतात.”

प्राणी ओळखायची त्यांच्या शास्त्रात एक रीत आहे. एक प्रश्न विचारायचा, त्याची दोनच उत्तरं. उत्तर मिळालं की पुढच्या प्रश्नाकडं जायचं, असं करत करत प्राण्याच्या नावाशी पोचायचं. याला ते किल्ली म्हणत. पण सर ही किल्ली माणसांनाही लावत, आणि तीही तोंडावर. स्टाफरूममध्ये अनोळखी प्राध्यापक शिरला की सुरू. “हातात पिशवी आहे का? आहे. पिशवीत पुस्तक आहे का? नाही. डबा आहे का? आहे. डब्यात दोन भाज्या आहेत का? आहेत. वाणिज्य शाखा!” आणि तो बिचारा खरोखरच वाणिज्य शाखेचा निघे.

मी मराठी शिकवायचो, म्हणून मला ते नुसतं ‘मराठी’ म्हणत. “या, मराठी, बसा. तुम्हाला काय, काम नसतंच.” माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. “तुमच्यात कुणी चुकत नाही, नुसते मतभेद होतात. ज्यात चुकता येत नाही तो विषय कसला? भजनी मंडळ ते.” मी चिडून वाद घातला की खूश होत, आणि चहा मागवत. चहा आला की तो कसा बिघडलाय यावर दहा मिनिटं बोलत आणि संपवत.

आमचं कायमचं भांडण एका शब्दावरून होतं. मी ‘प्रजाती’ म्हणायचो, पेपरात येतं तसं. सर भडकत. “जाती म्हणा! जुन्या पुस्तकांत जाती म्हणजे जाती, आणि प्रजाती म्हणजे तिच्या वरची पायरी. जाती हे घर, प्रजाती ही गल्ली. तुम्ही संध्याकाळी घरी जाता की गल्लीत जाता?” माझं म्हणणं, जात हा शब्द आपल्याकडं फार कामांत अडकलेला आहे, लोक भलतंच समजतील. “लोक समजतात यावर माझा विश्वास नाही,” सर म्हणत, आणि भिंगात डोळा घालत.

नवी जात सापडल्याचं जाहीर करणाऱ्या शास्त्रज्ञांवर त्यांचा विशेष राग. कुणी परदेशी गृहस्थानं थाटामाटात एखाद्या समुद्रकोळ्याला नाव द्यावं, आणि सरांनी दौंडमधून, पंखा बंद करून (वाऱ्यानं पाय हलतात म्हणून), हे जुन्याच जातीचं अर्धवट वाढलेलं पोर आहे असं सिद्ध करून ते नाव रद्द करायला लावावं. जगभरातली कितीतरी बारशी त्यांनी अशी मोडली होती. त्या दिवशी ते आनंदानं शीळ घालत. शीळही बेसूर.

पण याच माणसाच्या कपाटात एक बाटली होती. अंटार्क्टिकाहून आणलेल्या चिखलात त्यांना एक समुद्रकोळी सापडला होता, आणि त्याला पाय होते दहा. त्याच्या जवळच्या सगळ्या नातेवाइकांना आठ. नमुने गोव्याच्या एका संस्थेचे, पण त्यांचा अभ्यास सरांकडं होता. शोध जाहीर करायचा, नाव द्यायचं, एवढंच उरलं होतं. सर ते करत नव्हते.

“का पण?” मी एकदा विचारलं.

“एकच आहे. एखादं वेडंवाकडं निपजलेलं असलं तर? शिरूरच्या बाजारात दोन तोंडांचं वासरू आलं होतं, म्हणून गाईची वेगळी जात झाली का? दुसरा सापडू दे. त्यालाही दहा असले तर बघू.”

दरवर्षी मोहीम परत आली की ते गोव्याला विचारत, दरवर्षी नकार येई. मग ते बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरत आणि पुन्हा मोजत.

“दहाच आहेत ना अजून?” मी चेष्टेनं विचारी.

“तुम्ही मोजलेत तर नऊ भरतील,” ते म्हणत. पण बाटली ठेवताना त्यांचा हात जरा जपून चाले. दुसऱ्यांची बारशी मोडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हातानं एक तरी नाव ठेवायचं होतं. तेवढीच त्यांची हौस, आणि तिच्यावर त्यांनीच पहारा बसवलेला.

त्यातच कॉलेजची तपासणी करायला मूल्यांकन समिती येणार असल्याचं कळलं, आणि संस्थेच्या अंगात आलं. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आणि प्राध्यापकांना ‘संशोधन दाखवा’ असा हुकूम. आमच्यातल्या निम्म्यांना संशोधन म्हणजे गाइडबुकाची नवी आवृत्ती वाटायची. त्याचबरोबर सरांची उत्तरेच्या खिडकीची खोली संगणक विभागाला द्यायचं घाटत होतं. प्राचार्यांनी मार्ग काढला. त्या बाटलीचा शोध जाहीर झाला तर खोली वाचेल, नाहीतर बाटल्या बाहेर. आणि हे सरांना सांगायला ते स्वतः न जाता संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन आले.

अध्यक्ष म्हणजे नाना. पाटसच्या बाजूचे मोठे बागायतदार. कॉलेज त्यांच्या लेखी गुऱ्हाळासारखं होतं. एका बाजूनं पोरं घालायची, दुसऱ्या बाजूनं निकाल काढायचा, आणि चिपाडाचं काय होतं ते विचारायचं नाही. त्यांनी बाटली हातात घेऊन हलवली. सरांचा चेहरा पांढरा पडला.

“ह्यो व्हय? सर, ह्यो नवा हाय का न्हाई, येवढंच सांगा.”

“माहीत नाही.”

“पंदरा वर्सं बघताय आन् म्हाईत न्हाई?”

“बारा. आणि एकच आहे. एकावरून काही ठरत नाही.”

“आमचं आबा किती व्हतं?” नाना म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे दिवंगत वडील. “एकच ना? तरी तालुक्यात नाव निघालं का न्हाई? मग ह्याला आबांचं नाव देऊन टाका. खोली तुमची, कुणी हात लावायचा न्हाई.”

सरांनी शेवटचं अस्त्र काढलं. “नाना, या प्राण्यात अंडी नर सांभाळतो. पायाला गुंडाळून हिंडतो महिनोन्‌महिने. आबांना शोभेल का?”

मला वाटलं नाना उसळतील. पण नाना हेलावले. “शोभंल का म्हंजी? आय गेल्याव आमा भावांना आबांनीच काखंत मारून वाढवलं. तुमी तर जोगतीच वस्तू हुडकली, सर!”

 सरांनी नुसती मान हलवली, नकाराची. नानांनी ती होकाराची धरली.

फ्लेक्स तेव्हा नुकतेच निघाले होते आणि नानांना त्यांचं व्यसन लागलं होतं. मजकूर लिहायचं काम अर्थातच ‘मराठी’कडं आलं. मी लिहिलं: ‘आमच्या प्राध्यापकांनी लावला नव्या प्रजातीचा शोध! थंडीत वाढणारी, जगात प्रथमच!’ सरांना दाखवायला गेलो, म्हटलं हे तरी थांबवतील. सरांनी लाल पेन घेतलं. मला वाटलं सगळंच खोडणार. त्यांनी फक्त ‘प्रजातीचा’ खोडून ‘जातीचा’ केलं.

“सर, पण हे सगळंच खोटं आहे ना?”

“आहे. मी तसं प्राचार्यांना लिहून दिलंय. त्यांना खोटं लावायचंय तर लावू देत. पण अशुद्ध लावू देणार नाही.”

फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला. वर नाना, खाली नाना, मध्ये आबा, आणि अक्षरं: ‘नव्या जातीचा शोध’. प्राण्याचं चित्र टाकायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात चपलांचा ढीग. पाटसकडचे सात-आठ शेतकरी आले होते, पुढं एक आप्पा, डोक्याला टॉवेल.

“नवी जात तुमीच काढली का, सर?”

“काढली नाही, सापडली. आणि एकच आहे.”

“एक असू द्या. एकाचं धा व्हतंय. पेरं किती?”

सर चमकले. बारा वर्षांत त्यांना असा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. “आठ,” ते खुर्ची पुढं ओढत म्हणाले. “प्रत्येकाला आठ. टोकाला नखी.”

“नखी म्हंजी वाढं,” आप्पांनी मागच्यांना समजावलं. “पेर लांब का आखूड?”

“मधली लांब. बारीक.”

“वजनाला मार खाणार मग. पाणी?”

“समुद्रभर.”

“खारं?”

“खारंच.”

आप्पा गर्रकन मागं वळले. “ऐकलं का रं? खाऱ्या पाण्याव येतंय! आपल्या खालच्या खारवट चोपण रानाचं काम झालं! आन् थंडीचं कसं, सर?”

“थंडीतच मोठा होतो. पण सावकाश. वर्षानुवर्षं.”

“म्हंजी खोडवा लई वर्सं चालतोय!” आप्पांनी हातच जोडले. “आता येवढंच सांगा, बेणं कवा देताय?”

खोडवा आणि बेणं हे शब्द सरांच्या शास्त्रात नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हसू दाबत सांगितलं, की सर, ही मंडळी उसाची नवी जात घ्यायला आली आहेत; बेणं म्हणजे लावायच्या कांड्या, आणि खोडवा म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटणारा ऊस. सरांचा चेहरा असा पडला, की मी हसायचंच विसरलो. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा जाणते श्रोते लाभावेत आणि ते उसासाठी आलेले निघावेत.

“बाहेर!” सर ओरडले. मग आप्पांना मात्र हळूच म्हणाले, “प्रश्न चांगले होते.”

तिसऱ्या दिवशी शिरूरकडचे एक मामा आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न जमत नव्हतं. “आमच्यात पोरगी मिळंना. म्हणलं नवी जात निघालीया तर तिकडं बघावं. मान्सं कशी हायती?”

सरांनी आता उलगडा करायचं सोडून दिलं होतं. “शांत. थंड. पोरं बाप सांभाळतो.”

“मग न्हाई जमायचं,” म्हणून मामा उठले.

गंमत इथवर ठीक होती. पण गावात सोसायटीची निवडणूक लागलेली, आणि नाना उभे. विरोधी पॅनेलनं हूल उठवली, की नानांनी नव्या जातीचं बेणं गुपचूप आपल्याच भाऊबंदांत वाटलं. दोन दिवसांत नानांच्या दारात माणसं जमायला लागली. कुणी मागायला, कुणी जाब विचारायला. आणि नेमका त्याच आठवड्यात समितीच्या स्वागताचा कार्यक्रम. मंडपात पुढं समितीचे सदस्य, त्यांच्यामागं प्राध्यापक, आणि मागं, न बोलावता आलेले, शे-दोनशे ऊसवाले.

नाना माइकपाशी गेले. मागून आरोळी आली, “बेणं कुठंय, नाना?” नानांनी एकदा समितीकडं पाहिलं, एकदा मतदारांकडं, आणि त्यांना निवड करायला क्षणही लागला नाही.

“मी आबांची शपथ घिऊन जाहीर सांगतो,” ते गरजले, “आमच्या कालेजात कसलीबी, कंचीबी, नवी जात सापडलेली न्हाई!”

मंडपात एकट्याच माणसाच्या टाळ्या वाजल्या. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. “नानांचं हे पहिलं शास्त्रीय विधान,” ते म्हणाले. कुजबुजत नाही, समितीला ऐकू जाईल असं.

समितीनं आम्हाला काय दर्जा दिला ते सांगण्यासारखं नाही. नाना निवडून आले. आणि सरांची खोली गेली. संगणक आले, वातानुकूलन यंत्र आलं. समुद्रकोळ्यांना बारा वर्षं न मिळालेला गारवा त्या पेट्यांना पहिल्याच दिवशी मिळाला. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बाटल्या न्यायला गोव्याहून गाडी आली तेव्हा मी तिथं होतो. सगळी खोकी चढल्यावर ती एक बाटली त्यांनी शेवटी दिली, ड्रायव्हरच्या हातात. “दहा आहेत. पोचल्यावर दहाच भरले पाहिजेत.” ड्रायव्हर मान डोलावून गेला. त्याला बाटल्या दहा आहेत असं वाटलं असावं.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, “सर, आबांचं नाव देऊन टाकलं असतंत तर खोली राहिली असती.”

“राहिली असती. आणि त्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या चुका मी कुठल्या तोंडानं काढल्या असत्या, मराठी?” एवढं बोलून ते स्टँडकडं चालू लागले. शिरूरची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती, याबद्दल त्यांनी कंट्रोलरला जे सुनावलं ते फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

सर आता नाहीत. त्यांची माझी शेवटची भेट शिरूरलाच झाली, कॉलेज सोडल्यावर काही वर्षांनी. मी गेलो तेव्हा घरात वादळ चालू होतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा करता करता तोफा डागत होत्या. झालं होतं असं: गोव्याच्या त्या संस्थेतली एक मुलगी पुढच्या एका मोहिमेवर गेली, आणि तिला त्याच समुद्रात तसे आणखी समुद्रकोळी सापडले. मूठभर. सगळ्यांना दहा पाय. ती मुलगी मुद्दाम शिरूरला येऊन, सरांसमोर बसून, पाया पडून विचारून गेली होती, की सर, याला तुमचं नाव देऊ का?

“आणि हे नको म्हणाले!” काकू म्हणाल्या. “बारा वर्षं हे त्या बाटलीपायी दौंडला राहिले, माझा संसार शनिवार-रविवारचा झाला. एकदा नाव लागत होतं, तर नको!”

“माणसाचं नाव प्राण्याला देणं म्हणजे प्राण्याचा अपमान,” सर म्हणाले. “तिला सांगितलं, प्राण्याकडं बघ आणि त्याच्यात जे दिसतं ते लिही. शहाणी निघाली. परवाच तिचं कळलं, छापून आलं. दहा पायांच्या जाती दुसऱ्याही आहेत, म्हणून तिनं पाय सोडले आणि सोंड धरली. सोंड म्हणजे ते पुढं आलेलं असतं ना तोंडाचं. याची सगळ्यांहून लांब, आणि टोकाशी खाली वाकलेली. लॅटिनमध्ये नाव ठेवलंय, अर्थ तोच. लांब, वाकड्या नाकाचा. उत्तम नाव. मी एक अक्षर बदललं नसतं.”

त्यांना कशालाही उत्तम म्हणताना मी तेव्हाच ऐकलं.

काकूंनी कप त्यांच्यापुढं ठेवला, दोन पावलं मागं सरकल्या आणि नवऱ्याकडं एका बाजूनं नीट पाहिलं.

“लांब, पुढं आलेलं, आणि टोकाशी वाकलेलं,” त्या मला म्हणाल्या. “तुम्हीच सांगा भाऊजी, ती मुलगी इथं समोर बसून दोन तास यांच्याकडंच बघत होती. नाव कुणाचं दिलं मग तिनं?”

सरांचा हात चष्मा सरळ करायला म्हणून वर गेला, आणि नाकापाशीच थांबला.